पेटीतला राणीछाप रुपया : विकण्याआधी त्याचे मोल जाणा

आपल्या वस्त्यांतील कितीतरी घरांत पत्र्याच्या पेटीच्या तळाशी, लुगड्याच्या घडीत किंवा चिंधीच्या गाठीत दोन-चार जुने रुपये जपून ठेवलेले असतात. आजी त्यांना राणीछाप म्हणते, कोणी राजाछाप म्हणतात, कोणी कलदार. गिरणीच्या पगारातून, रेल्वेच्या हजेरीतून, सुगीच्या मजुरीतून एकेक करून मागे टाकलेली ही शिल्लक. ज्यांना बँकेचे दार ठाऊक नव्हते त्यांची बँक म्हणजे ही गाठ.

अडीनडीला ती गाठ सुटते. मुलीची फी भरायची असते, दवाखान्याचे बिल असते. घाईघाईत माणूस दिसेल त्या दुकानात जातो आणि हातावर पडेल ते घेऊन येतो. दुसरीकडे मोबाईलवर 'जुने नाणे द्या, दहा लाख घ्या' अशा जाहिराती झळकतात. एक जण किंमत कमी सांगून लुबाडतो, दुसरा जास्त सांगून. आपले अज्ञान हेच दोघांचेही भांडवल असते. गरजेपोटी घरातली वस्तू विकण्यात कसलाही कमीपणा नाही, पण ती काय आहे हे न कळता विकू नये, एवढेच आमचे सांगणे आहे.

बाबासाहेबांचा विषय

रुपयाचे मोल कशाने ठरते, हा प्रश्न आपल्याला परका नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये याच विषयावर प्रबंध लिहून डी.एस्सी. पदवी मिळवली. तो ग्रंथ 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' या नावाने १९२३ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. १८९३ पर्यंत कोणीही चांदी टांकसाळीत नेऊन तिचे रुपये पाडून घेऊ शकत असे. १८९३ साली सरकारने ती वाट बंद केली. त्यानंतर रुपयाचे मोल आणि त्यातल्या चांदीचे मोल या दोन वेगळ्या गोष्टी झाल्या. रुपयाची खरेदीशक्ती घसरली की भाव आधी चढतात आणि मजुरी मागून रखडत येते, म्हणून त्याची झळ कष्टकऱ्याला बसते, हे बाबासाहेबांनी दाखवून दिले. पेटीतल्या रुपयाकडेही असेच डोळसपणे पाहिले पाहिजे. त्यालाही दोन मोल असतात : एक धातूचे, दुसरे संग्राहकाच्या आवडीचे.

चांदी किती?

१८३५ च्या कायद्याने कंपनी सरकारच्या मुलखात एकाच वजनाचा रुपया सुरू झाला. वजन १८० ग्रेन, म्हणजे ११.६६ ग्रॅम, म्हणजेच जुना एक तोळा. त्यात चांदी ९१.७ टक्के, बाकी मिश्रण. अशा न झिजलेल्या एका रुपयात शुद्ध चांदी सुमारे १०.६९ ग्रॅम भरते. हिशोबासाठी चांदीचा भाव किलोला एक लाख रुपये धरला, तर एका रुपयात १,०६९ रुपयांची चांदी आहे. त्या दिवशीचा खरा भाव वर्तमानपत्रात पाहून हाच हिशोब घरी मांडावा.

येथे एक सावधगिरी बाळगा. आता सराफ बाजारात १० ग्रॅमलाच तोळा म्हणतात. 'एक रुपया म्हणजे एक तोळा' असे बोलून कोणी १० ग्रॅमचाच हिशोब केला, तर दहा रुपयांमागे १६ ग्रॅमहून अधिक वजन हातचे जाते. म्हणून वजन ग्रॅममध्येच करून घ्यावे, आणि ते आपल्या डोळ्यांसमोर.

साल वाचायला शिका

१८६२ पासूनच्या रुपयावर राणी व्हिक्टोरियाचा मुकुट घातलेला चेहरा आहे. १८७६ पर्यंत तिच्या नावापुढे 'क्वीन' आणि १८७७ पासून 'एम्प्रेस' असे शब्द आहेत. १९०३ ते १९१० च्या रुपयावर सातवा एडवर्ड आहे, त्याच्या डोक्यावर मुकुट नाही. १९११ पासून पाचवा जॉर्ज आणि १९३८ पासून सहावा जॉर्ज. १९३९ पर्यंतच्या या सर्व रुपयांत चांदी ९१.७ टक्के आहे.

दुसऱ्या महायुद्धात चांदीची टंचाई झाली. १९४० ते १९४५ च्या रुपयात चांदी निम्मीच, म्हणजे सुमारे ५.८३ ग्रॅम. वरच्याच भावाने तिची किंमत ५८३ रुपये होते. १९४७ च्या वाघाचे चित्र असलेल्या रुपयात चांदी मुळीच नाही, तो निकेलचा आहे. साधे लोहचुंबक जवळ न्या, निकेल चिकटते, चांदी चिकटत नाही. मात्र चिकटले नाही म्हणून ते चांदीचेच, असे समजू नका. तांबे-पितळही चिकटत नाही. तेव्हा वजनही पाहावे.

मुंबईच्या टांकसाळीच्या पुष्कळ नाण्यांवर बारीक ठिपका किंवा इंग्रजी 'बी' अक्षर असते. लाहोरची खूण 'एल'. कलकत्त्याच्या बहुतेक नाण्यांवर खूणच नसते. संग्राहक साल, खूण आणि झीज या तीन गोष्टी पाहून किंमत ठरवतात. १९११ च्या रुपयावर राजाच्या झग्यावरील हत्ती डुकरासारखा दिसतो, अशी ओरड झाली. सरकारने ते रुपये मागे घेतले आणि पुढच्या वर्षी चित्र बदलले. म्हणून १९११ चा रुपया साध्या रुपयापेक्षा जास्त किंमतीला जातो. १९३९ चा रुपया तर फारच दुर्मिळ, आणि म्हणूनच त्याची नक्कलही खूप होते.

उलट, नुसते जुने आहे म्हणून नाणे महाग होत नाही. १९४३ ते १९४७ चे भोकाचे पैसे कोट्यवधींनी निघाले, ते आजही स्वस्तच मिळतात. माळेसाठी कडी डाकलेल्या रुपयाला संग्राहक सहसा हात लावत नाहीत. त्याची किंमत चांदीपुरतीच.

गिनी आणि शिलिंग

पलटणीतून किंवा बोटीवरच्या नोकरीतून परतलेल्यांच्या सामानात कधी कधी खुद्द इंग्लंडची नाणी सापडतात. तेथे पूर्वी १२ पेन्सचा एक शिलिंग आणि २० शिलिंगांचा एक पौंड असा हिशोब होता. १९७१ साली तो बदलला. १९१९ पर्यंतच्या शिलिंगात चांदी ९२.५ टक्के, १९२० ते १९४६ पर्यंत ५० टक्के आणि १९४७ पासून शून्य. पेनी ब्राँझची.

सॉव्हरिन हे मात्र सोन्याचे नाणे. आपल्याकडे त्यालाच गिनी म्हणतात. वजन ७.९९ ग्रॅम, २२ कॅरेट, त्यात शुद्ध सोने ७.३२ ग्रॅम. १९१८ साली ही नाणी मुंबईतही पाडली गेली, सुमारे १३ लाख. त्यांवर घोडेस्वाराच्या पायाखालच्या जमिनीवर बारीक 'आय' अक्षर आहे. नाणे सोन्याचे निघाले तर दोन-तीन ठिकाणी शुद्धता तपासून घेतल्याशिवाय सौदा करू नये.

ते नाणे नसून पदकही असेल

राजाचे तोंड असलेली प्रत्येक गोल चांदी नाणे नसते. पहिल्या महायुद्धात १९१७ साली १११ वी महार पलटण उभी राहिली आणि १९२१ साली मोडली. त्या युद्धाच्या चांदीच्या पदकावरही पाचव्या जॉर्जचा चेहरा आहे आणि ते रुपयापेक्षा मोठे आहे. त्याच्या कडेवर शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव व पलटण कोरलेली असते. भिंग घेऊन ती कड वाचा. तेथे आपल्या पणजोबांचे नाव असेल, तर ते पदक वजनावर देऊन टाकू नका. आपल्या माणसांची नावे धातूवर कोरलेली फार थोड्या ठिकाणी सापडतात.

घासू नका, भुलू नका

नाणे विकायचे म्हणून मायबहिणी ते चिंच, राख किंवा पॉलिश लावून लखलखीत करतात. असे मुळीच करू नये. घासलेल्या नाण्याची संग्राहकाकडची किंमत पडते. कडेने धरावे, वेगवेगळ्या कागदात गुंडाळून ठेवावे.

रामदरबार, हनुमान असे छाप आणि कंपनीचे नाव असलेली १६१६, १७१७, १८१८ सालची 'आण्याची' नाणी बाजारात फिरतात. ती नंतर बनवलेली आहेत. साऱ्या हिंदुस्थानात चालणारे एक आण्याचे नाणे १९०६ च्या कायद्यानंतर निघाले, मग १६१६ चा आणा कुठून येणार? अमुक नाणे तांदूळ ओढते, त्याला परदेशात कोटींची किंमत आहे, असे सांगून 'तपासणी'साठी पैसे उकळणाऱ्या टोळ्यांनी अनेकांना बुडवले आहे. ऐकीव गोष्टीवर विश्वास ठेवू नका, स्वतः तपासा, हे भगवान बुद्धांनी कालामांना सांगितले. एहिपस्सिको म्हणणाऱ्यांच्या घरात चमत्काराच्या नाण्याला जागा नको.

फोनवरून कोणी नोंदणी फी, कर किंवा कमिशन आधी मागितले, की समजावे तो ठग आहे. आपण नाण्यांच्या अशा खरेदी-विक्रीत नाही आणि कोणतेही शुल्क मागत नाही, असे रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर केले आहे. विकणाऱ्याला पैसे मिळायचे असतात, भरायचे नसतात. फसवणूक झालीच तर लाजू नका. ताबडतोब १९३० या सरकारी क्रमांकावर कळवा.

विकताना

घरी आधी यादी करा : साल, राजा की राणी, वजन, खूण. सराफ आणि नाण्यांचा जाणकार व्यापारी, अशा किमान तिघांकडे भाव विचारा. एकट्याने जाऊ नका, शिकलेल्या मुलाला-मुलीला सोबत न्या. नाणी एका दुकानात 'बघायला' ठेवून येऊ नका. व्यवहार झाला की पावती घ्या. शंभर वर्षांहून जुने नाणे स्वतःहून परदेशी पाठवणे १९७२ च्या पुरातन वस्तू कायद्याने मना आहे. पाया खणताना किंवा शेतात नाणी सापडली, तर १८७८ च्या कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते. ती परस्पर विकून संकटात पडू नका.

जमले तर एक रुपया मागे ठेवा. तो कोणाच्या कष्टाचा, कोणत्या गिरणीतला, कोणत्या गावचा, हे आजीला विचारून वहीत लिहून ठेवा. बाकीचे विकायचे तर खुशाल विका, आणि त्या पैशांतून पहिल्यांदा मुलांची पुस्तके आणा.

जय भीम!