स्नेहाची मात्रा

‘स्नेह’ या एकाच शब्दाने तेल-तूपही सांगावे आणि मायाही सांगावी, अशी सोय संस्कृत भाषेने करून ठेवली आहे. पदवीच्या वर्गात सूत्रस्थानातील स्नेहाध्याय शिकताना आम्ही घृत, तैल, वसा, मज्जा हे चार स्नेह मुखोद्गत केले. दुसऱ्या अर्थाचा स्नेह सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात भेटला. अपत्याच्या दर्शनाने, स्पर्शाने, नुसत्या स्मरणानेही मातेस स्तन्य येते आणि त्यास कारण तिचा अखंड स्नेह, असे तेथे म्हटले आहे. परीक्षेत तो विचारला जात नसे. म्हणून राहून गेला.

आपणा सर्वांच्या चिकित्सालयात रोज घडणारा प्रसंग आहे. मूल रडू लागते आणि आई म्हणते, “गप्प बस, नाहीतर डॉक्टर सुई टोचतील.” मूल रडत असो, जेवत नसो वा ऐकत नसो, राक्षस-पिशाचांची नावे घेऊन त्यास भिववू नये, असे चरकाचार्यांनी शारीरस्थानाच्या आठव्या अध्यायात स्पष्ट सांगितले आहे. बालकास अंगाला सुख होईल असे धरावे, दरडावू नये, एकाएकी जागे करू नये, असे सुश्रुताचार्य सांगतात. गेली वीस वर्षे मी हे मातापित्यांना ऐकवीत आलो आहे. ऐकवताना माझा आवाज फार मृदू असतो. दवाखाना आटोपून जिना चढून घरात शिरल्यावर तो आवाज कोठे जात असे, हे माझ्या पत्नीस विचारावे.

कन्या त्या वेळी नऊ वर्षांची होती. रात्री मी वर आलो की ती समोर येऊन बसे आणि डावा हात पुढे करी. “बाबा, माझी नाडी बघा ना.” स्त्रीरुग्णाची डाव्या हाताची नाडी पाहतात, हे तिने खाली दवाखान्यात कधीतरी टिपले असावे. पहिले काही दिवस मी कौतुकाने पाहिली. पुढे पुढे “तुला काही झालेलं नाही, जा, अभ्यास कर” एवढ्यावर प्रकरण मिटू लागले. एके दिवशी थकव्याच्या भरात खेकसलो. त्यानंतर ती येईनाशी झाली आणि ते माझ्या ध्यानातही आले नाही. महिन्याभराने पत्नी म्हणाली, “अहो, ती काही बरं नाही म्हणून येत नव्हती. तेवढाच वेळ तुम्ही तिचा हात धरत होता.”

माझे वडील मितभाषी होते. नरकचतुर्दशीच्या पहाटे आई तेल लावी; पाठीला मात्र वडील लावीत. त्यांच्या पंजाचा तो दाब मला आजही आठवतो. वाग्भटाचार्यांनी अभ्यंग नित्य करावा असे म्हटले आहे. आमच्या घरी तो वार्षिक होता. त्यांच्या मायेविषयी मला शंका नाही, पण वर्षभर तिचा शोध घ्यावा लागे.

दुसऱ्या दिवशी मीच कन्येचा हात मागितला. ती म्हणाली, “मला काही झालेलं नाही.” माझेच वाक्य! कोष्ठाचा अंदाज नसेल तर आधी स्नेहाची ह्रसीयसी मात्रा देऊन पाहावी, हे रुग्णाच्या बाबतीत आपण विसरत नाही. तेच केले. रोज थोडा वेळ जवळ बसणे, वेणी घालताना तेलाची वाटी धरणे, एवढेच. आपणहून हात पुढे करायला तिला दोन महिने लागले.

धाकट्या चिरंजिवांची प्रकृती वेगळी. जवळ घेऊ गेल्यास ते अंग चोरतात. स्नेहद्वेष्ट्यास अच्छपान न देता अन्नातून, विचारणा योजून स्नेह द्यावा, असे शास्त्र आहे. रविवारी सकाळी आम्ही दोघे चूर्णाच्या पुड्या बांधतो. दृष्टी कागदावर असली की तो बरेच काही बोलतो. गणितात नापास झाल्याचे मला तेथेच, अविपत्तिकराच्या पुड्या बांधताना समजले. मी पुडी बांधत राहिलो. (ओरडलो असतो तर पुढचा रविवार गेला असता.)

औषधालय चालवणाऱ्या मित्रांना बाळासाठी लाक्षादि तेल बरे की चंदनबलालाक्षादि, असे ग्राहक नेहमी विचारतात. हल्ली मी त्यावर उलट विचारतो, लावणार कोण? बहुधा उत्तर येते, मालिशवाली बाई. तिच्या कौशल्याविषयी माझी तक्रार नाही. पण दिवसातून एकदा तरी आईचा वा बापाचा हात त्या पाठीवरून फिरावा, असे मी आता चिकित्सापत्रावर लिहून देतो. बापाचा, हे विशेष अधोरेखित करून. काही जण हसतात. एकाने विचारले, “किती दिवस लावायचं?” अच्छस्नेहपानाची मर्यादा सात दिवसांची आहे, या स्नेहाची मला ठाऊक नाही.

गेल्या वर्षी कन्येची बारावीची परीक्षा होती. आदल्या रात्री ती खाली दवाखान्यात आली, रुग्णाच्या स्टुलावर बसली आणि काही न बोलता डावा हात टेबलावर ठेवला. नाडी जलद होती. मी तसे सांगितले नाही. बराच वेळ पाहत राहिलो.