विश्लेषण : शॉकअपशिवाय जुनी गाडी चालवली तर नेमके काय होते?

ताडपत्रीखाली वर्षानुवर्षे उभी असलेली जुनी जीप एक दिवस धुऊनपुसून बाहेर काढली जाते. इंजिन सुरू होते, ब्रेक लागतात, मग एक फेरी मारावी असे वाटू लागते. मेकॅनिक खाली वाकून सांगतो, दोन शॉक ॲब्सॉर्बर गळाले आहेत आणि दोन जागेवरच नाहीत. त्यावर ठरलेले उत्तर येते, ‘पाटे शाबूत आहेत ना? पूर्वीच्या गाड्यांना कुठे होते शॉकअप?’ कळंबसारख्या गावातून निघाले की यवतमाळकडे जा किंवा वर्ध्याकडे, गाडी राष्ट्रीय महामार्ग ३६१ वर येते. तिथे हे उत्तर महागात पडू शकते.

धक्का नेमका कोण शोषतो?

नावानेच सगळा घोळ केला आहे. खड्ड्याचा धक्का शॉकअप शोषत नाही, तो पाटे किंवा स्प्रिंग शोषतात. शॉकअपचे काम त्यानंतर सुरू होते. दबलेला पाटा ऊर्जा परत करतो, गाडी वर फेकतो, पुन्हा दबतो. हे हेलकावे आवरायचे काम शॉकअपचे. त्यातला दट्ट्या तेलातून सरकतो, तेल बारीक छिद्रांतून जाते आणि हेलकाव्याची ऊर्जा उष्णतेत बदलते. रस्त्यावरून आल्यावर शॉकअप कोमट लागतो तो त्यामुळेच. इंग्रज त्याला ‘डॅम्पर’ म्हणतात, ते नाव जास्त खरे आहे.

आपल्याकडची बंडी आठवा. तिला स्प्रिंग नाही, शॉकअपही नाही. दगडावरून गेली की कंबरडे हलते, पण धक्का तिथेच संपतो. स्प्रिंग आहे आणि तिला आवरणारे काही नाही, अशी गाडी धक्का मऊ करते, पण तो पुढे कितीतरी अंतर नाचवत नेते.

मग पूर्वीच्या गाड्या कशा चालत होत्या?

हा दावा निम्मा खरा आहे. १९०८ ते १९२७ या काळात दीड कोटींहून अधिक विकल्या गेलेल्या फोर्ड मॉडेल टीला कारखान्यातून शॉकअप येत नव्हते. पण तिच्या पुढे-मागे आडवे बसवलेले पाट्यांचे जुडगे होते आणि एकावर एक ठेवलेले पाटे वाकताना एकमेकांवर घासतात. ते घर्षणच थोडेफार शॉकअपचे काम करी. शिवाय गाडी सुमारे वीस अश्वशक्तीची, वेग फार तर ताशी ६५ ते ७० किलोमीटर. घर्षण कमी पडते हे तेव्हाच्या लोकांनाही कळले होते. कात्रीसारख्या दोन दांड्यांमध्ये घर्षणाच्या चकत्या आवळून बसवलेले हार्टफोर्ड शॉकअप मॉडेल टीच्या आधीच बाजारात होते. मॉडेल टीनंतर आलेल्या मॉडेल एला तर फोर्डने कारखान्यातूनच तेलाचे शॉकअप बसवले.

आपल्या जीपचे तर कूळच वेगळे. दुसऱ्या महायुद्धातील विलीज जीपच्या चारही चाकांना शॉकअप होते. तिच्याच वंशातल्या जीपची जुळणी महिंद्राने १९४७ मध्ये मुंबईत सुरू केली. म्हणजे शॉकअप काढून जीप चालवणे हे ‘जुन्या पद्धतीने’ चालवणे नाही, मोडलेली गाडी चालवणे आहे.

रस्त्यावर काय घडते?

खरा धोका पाठदुखीचा नाही, पकडीचा आहे. ब्रेक कितीही चांगले असले तरी गाडी थांबवतो तो टायर आणि तोही जमिनीला टेकलेला असेपर्यंतच. हेलकाव्यात टायरवरचा भार सतत कमीजास्त होतो. भार कमी असलेल्या क्षणी ब्रेक दाबला की चाक लॉक होऊन घसरते, स्टिअरिंग फिरवले तर गाडी सरळच जाते. थांबायचे अंतर वाढते आणि किती वाढेल याचा अंदाज चालकाला येत नाही.

झोपाळ्याला योग्य क्षणी हलका धक्का देत राहिले की झोका वाढत जातो. रस्ताही तेच करतो. गाडीचा सांगाडा साधारणपणे सेकंदाला एक ते दोन वेळा वर-खाली होतो. दीड वेळा धरू. डांबरावर दर दहा मीटरला एक उंचवटा असेल, तर ताशी ५४ किलोमीटर वेगाला प्रत्येक उंचवटा नेमक्या त्याच तालात येतो. चाक आणि ॲक्सलचा ताल वेगळा, सेकंदाला दहाच्या आसपास. पांदण रस्त्यावर पाऊण-एक मीटर अंतराने पडलेल्या नाळ्या हा ताल ताशी तीसच्या आसपासच पकडतात. मग चाक रस्त्यावर चालत नाही, टप्पे खाते. स्टिअरिंगचे सांधे आधीच झिजलेले असतील तर पुढची चाके जोरात थरथरू लागतात.

इथे एक गंमत आहे. कुरकुर करणाऱ्या पाट्यांना ग्रीस लावणे चांगलेच, पण शॉकअप नसताना ग्रीस लावले की उरलेसुरले घर्षणही जाते आणि गाडी जास्त नाचते.

गाडीचे काय होते?

पाटे कितीदा वाकणार याला मर्यादा असते. एका खड्ड्यामागे एकाऐवजी पाच-सहा वेळा वाकू लागले की थकवा लवकर येतो आणि मुख्य पाटा बहुधा मध्यभागी किंवा डोळ्याजवळ तुटतो. यू-बोल्ट सैल पडतात, शॅकलचे बुश आणि पिना झिजतात. ॲक्सल रबरी बंपस्टॉपवर आपटू लागला की मार थेट चेसिसला. रेडिएटरची डाखलेली जोडणी उकलते, दरवाजे नीट लागेनासे होतात. कॉइल स्प्रिंगच्या काही गाड्यांत चाक किती खाली लोंबावे हे शॉकअपच ठरवतो. तो नसेल तर ब्रेकची रबरी नळी ताणली जाते. मॉरिस मायनरमध्ये तर पुढच्या शॉकअपचा दांडा हाच सस्पेन्शनचा वरचा हात आहे. तो काढला तर चाक जागेवरच राहत नाही.

निदान घरी करता येते. टायरवरून तळहात फिरवा, थोड्या थोड्या अंतरावर खळगे लागले तर चाक टप्पे खात होते. गाडीचा कोपरा जोरात दाबून सोडा, एक-दीड हेलकाव्यात थांबायला हवी. कडक पाट्यांची जीप मात्र हाताने फारशी दबत नाही. तिथे शॉकअपवर तेलाचा ओघळ आहे का ते बघा.

नियम काय सांगतो?

पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षे उलटलेल्या दुचाकी-चारचाकींसाठी २०२१ मध्ये केंद्राने व्हिंटेज नोंदणीचे नियम केले. नंबरात ‘व्हीए’ अक्षरे येतात, नव्या नोंदणीला २० हजार रुपये शुल्क आहे. अशी गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला चालत नाही. प्रदर्शन, रॅली, इंधन आणि देखभाल यांसाठी मात्र रस्त्यावर आणता येते.

देखभालीसाठी न्यायची असली तरी शॉकअप नसलेली जीप कळंबहून यवतमाळला महामार्गाने चालवत नेऊ नये, ट्रकवर घालून न्यावी. अंगणात, शेडपर्यंत चालण्याच्या वेगाने हलवायला हरकत नाही. नवे शॉकअप जोडीनेच बदला आणि लांबी मोजून घ्या. आखूड बसवला तर चाक खाली जाताना तोच ताणून तुटतो, लांब बसवला तर पाटा दबताना तो तळाला आपटून चेसिसवरची बैठक उखडतो.