आई गेल्यावर घर तिला कसे आठवते

घरातली आई किंवा आजी गेली की तिच्या स्मरणाचा पहिला मोठा दिवस दहावा असतो. नदीकाठी पिंड मांडतात आणि घरचे लोक हात जोडून कावळ्याची वाट पाहत उभे राहतात. कावळा लवकर शिवला नाही तर तिचा जीव कशात अडकला असेल, याची कुजबुज सुरू होते. नातवाचे शिक्षण, धाकट्या लेकीचे लग्न, राहून गेलेली पंढरीची वारी असे एकेक आठवते. मग थोरला मुलगा पुढे होऊन मोठ्याने शब्द देतो, की काळजी करू नकोस, आम्ही सगळे पाहू. एवढे करूनही कावळा आला नाही तर दर्भाचा कावळा करून पिंडाला लावतात. तिच्या मनात काय होते, हे घर एरवी कधी उघडपणे बोलत नाही. ते या वेळी बोलते, म्हणून सगळ्या उत्तरकार्यात हा भाग माणसाला सर्वांत जवळचा आहे.

त्यानंतर तेरावा, चौदाव्याचे गोडाचे जेवण, दर महिन्याचे मासिक आणि वर्ष भरल्यावर वर्षश्राद्ध. वारकरी घरांत वर्षश्राद्धाच्या दिवशी कीर्तन ठेवतात. पुढे दरवर्षी तिची तिथी आणि भाद्रपदातला पितृपक्ष. पितृपक्षातल्या महालय श्राद्धात वडील, आजोबा, पणजोबा यांच्याबरोबर आई, आजी आणि पणजी यांनाही पिंड दिले जातात. आईला वसुरूप, आजीला रुद्ररूप आणि पणजीला आदित्यरूप म्हणून आवाहन करतात. आईकडचे आजी-आजोबाही त्यात येतात. मात्र पणजीपाशी ही मोजणी थांबते. शिवाय प्रत्येकीचे नाव आणि गोत्र उच्चारायचे ते सासरचे. लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने लिहिलेले नावच पुढे श्राद्धातही येते. ज्या नावाने तिला तिच्या आईने हाक मारली, ते कुठल्याच विधीत घेतले जात नाही. अनेक घरांत नातवंडांना आजीचे माहेरचे नाव सांगता येत नाही, ते यामुळेच.

नवरा हयात असताना गेलेल्या स्त्रीसाठी भाद्रपद वद्य नवमी राखून ठेवलेली आहे. तिला अविधवा नवमी म्हणतात. या दिवशी सवाष्णीला जेवू घालून तिची खणानारळाने ओटी भरतात. वडील गेल्यावर अनेक घरांत हे श्राद्ध बंद होते. म्हणजे पितृपक्षातला आईचा स्वतंत्र दिवस वडिलांच्या आयुष्यावर अवलंबून राहतो, आणि जी आई आधीच विधवा होती तिच्या वाट्याला तो येतही नाही. वैधव्यात एकटीने मुले वाढवणाऱ्या आईचे कष्ट ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना ही रीत अपुरी वाटल्याशिवाय राहणार नाही.

फक्त आईसाठीचे एक तीर्थही आहे. गुजरातमधील पाटण जिल्ह्यातले सिद्धपूर मातृगया म्हणून ओळखले जाते. तिथल्या बिंदुसरोवरावर आईचे श्राद्ध करायला महाराष्ट्रातूनही लोक जातात. कपिलमुनी आणि त्यांची माता देवहूती यांच्या कथेशी ही जागा जोडलेली आहे.

महाराष्ट्रातल्या सगळ्याच घरांत श्राद्ध होते असे नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1956 मध्ये नागपूरला धम्मदीक्षा देताना ज्या 22 प्रतिज्ञा दिल्या, त्यांत श्राद्धपक्ष आणि पिंडदान न करण्याची प्रतिज्ञा आहे. बौद्ध घरांत त्याऐवजी पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होतो. त्यात बुद्धवंदना होते आणि गेलेल्या आईविषयी जमलेले लोक बोलतात. वसई आणि गोव्यातली ख्रिस्ती कुटुंबे मिस्सा अर्पण करतात आणि 2 नोव्हेंबरला कबरीवर फुले वाहून मेणबत्त्या लावतात.

विधींपेक्षा वस्तू जास्त दिवस बोलतात. काही घराण्यांत पूर्वजांचे चांदीचे टाक देवघरात ठेवतात. त्याहून अंगाजवळची वस्तू म्हणजे गोधडी. आईची जुनी लुगडी एकावर एक घालून, धावदोऱ्याने शिवलेल्या गोधडीत नातवंडे वर्षानुवर्षे झोपतात.

सर्वांत टिकाऊ मात्र तिचे शब्द. पहाटे जात्यावर बसून बायकांनी आई, माहेर, भाऊ, लेकरे यांच्यावर ओव्या गायल्या. त्या आजीकडून आईकडे आणि आईकडून लेकीकडे तोंडीच आल्या. गावोगावी पिठाच्या गिरण्या आल्या, जाती कोपऱ्यात गेली आणि हा वारसा तुटू लागला. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातल्या खेड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, म्हणून त्या वाचल्या.

जळगावच्या बहिणाबाई चौधरींचे उदाहरण यात सर्वांत मोठे. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. शेतात आणि घरात काम करता करता त्या जे गात, ते त्यांचा मुलगा सोपानदेव आणि पीतांबर चौधरी हे नातलग उतरवून घेत. 3 डिसेंबर 1951 रोजी बहिणाबाई गेल्या. नंतर सोपानदेवांनी त्या कविता आचार्य अत्र्यांना दाखवल्या आणि 1952 मध्ये अत्र्यांच्या प्रस्तावनेसह ‘बहिणाबाईंची गाणी’ प्रसिद्ध झाली. जळगावातल्या त्यांच्या वाड्यात आता संग्रहालय आहे. त्यांच्या वापरातली भांडी आणि शेतीची अवजारे तिथे जपली आहेत. घरातल्या दोघांनी वेळेवर वही उघडली नसती, तर ही कवयित्री महाराष्ट्राला कळलीच नसती.

प्रत्येक आजी बहिणाबाई नसते. पण तिचे माहेरचे नाव, गाव, तिच्या ओव्या आणि म्हणी, मसाल्याचे प्रमाण, मुलांच्या शिक्षणासाठी तिने मोडलेला दागिना, हे प्रत्येक घरात लिहून ठेवण्याजोगे असते. ज्यांना ते ठाऊक असते त्या तिच्या बहिणी, नणंदा, जावा आणि मैत्रिणी दिवसकार्याला एकत्र येतात. चौदाव्याचे जेवण आटोपले की त्या आपापल्या गावी परततात, आणि त्यांचीही वये झालेली असतात. म्हणून घरच्यांनी त्या दोन आठवड्यांतच त्यांच्याजवळ बसावे, विचारावे आणि लिहून घ्यावे.