सेल्फ फिरतो, पण गाडी चालू होत नाही

गेल्या जुलैतली गोष्ट. बेळगावात चार दिवस पावसाची झड लागली होती. आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी सकाळी साडेसातला दवाखान्यात पोचायचं होतं. आई नेहमीप्रमाणे मागच्या सीटवर बसली. मी किल्ली फिरवली. इंजिन जोरात फिरलं, पण पकडेना. पुन्हा फिरवली. पाच-सहा वेळा सेल्फ मारून झाल्यावर ‘बॅटरीच गेली’ असा निकाल मी देऊन टाकला.

“अरे, थांब जरा,” आई म्हणाली. “रोज किल्ली लावलीस की माझ्या सीटखाली घूंऽ वाजतं. आज वाजलंच नाही.”

तो आवाज मी कधी ऐकलाच नव्हता. पण विचार करायला वेळ कुठे होता? रिक्षा करून दवाखाना गाठला. ऑपरेशन व्यवस्थित पार पडलं.

दुसऱ्या दिवशी ओळखीचे मेस्त्री घरी आले. आईचं बोलणं त्यांना सांगितलं, तर ते हसले. “सर, निम्मं काम आईंनीच केलंय बघा. सेल्फ जोरात फिरतोय म्हणजे बॅटरी बरी आहे की! बॅटरी उतरली तर नुसतं टकटक करतं, नाहीतर रडतरडत फिरतं.”

मी कॉलेजात तर्कशास्त्र शिकवतो. शक्यता एकेक करून वगळत जावं, हे मुलांना दरवर्षी सांगतो. स्वतःच्या गाडीपुढे मात्र ते विसरलो होतो.

मेस्त्रींचा हिशेब सरळ होता. पेट्रोल इंजिनला तीन गोष्टी लागतात: पेट्रोल, प्लगची ठिणगी आणि सिलिंडरमध्ये दाबली जाणारी हवा. यातलं काय अडलंय ते शोधायचं. किल्ली ‘ऑन’वर आणून थांबलं, की इंजेक्शनच्या बहुतेक गाड्यांत टाकीतला पंप दोनेक सेकंद घुमतो. घुमला नाही, तर आधी फ्यूज, रिले आणि वायरिंग पाहायचं. पंपाला दोष शेवटी. पंप घुमूनही इंजिन पकडत नसेल, तर मेस्त्री प्लग काढून बघतात. कोरडा असेल तर पेट्रोल पोचत नाही, पेट्रोलने भिजलेला असेल तर ठिणगीवर संशय. डॅशबोर्डवर किल्लीचं चिन्ह लुकलुकत राहिलं, तर गाडीने किल्लीच ओळखलेली नसते. घरातली दुसरी किल्ली लावून पाहावी. आणि सेल्फ नेहमीपेक्षा हलका, भरभर फिरला, तर टायमिंग बेल्ट तुटलेला असू शकतो. मग पुन्हा किल्ली फिरवायची नाही, नाहीतर इंजिनचं नुकसान वाढतं.

आमच्या गाडीचा पंपाचा फ्यूज जळला होता. नवा घातला, तोही लगेच गेला. मेस्त्रींनी मागची सीट उचलली. पावसात आडोशाला आलेल्या उंदराने पंपाची वायर कुरतडली होती आणि उघडी तार पत्र्याला टेकत होती. वायर जोडली, टेप गुंडाळली, तेवढ्याच अँपिअरचा फ्यूज बसवला. किल्ली ‘ऑन’ केली आणि सीटखालून आवाज आला, घूंऽ. पहिल्याच सेल्फला गाडी चालू!

निघताना मेस्त्री म्हणाले, “सर, फ्यूज जातोय म्हणून मोठा फ्यूज घालू नका, तार तर गुंडाळूच नका. वायर तापून गाडी पेट घेईल. आणि एका वेळी दहा सेकंदांच्या वर सेल्फ मारू नका. मध्ये अर्धा मिनिट थांबा. नाहीतर चांगली बॅटरी उतरते आणि स्टार्टरही जळतो.”

नवं इंजेक्शन, नवे सेन्सर आले, तरी गाडी आपलं दुखणं अजून आवाजातूनच सांगते. आपण घाईत असतो आणि ते आपल्याला ऐकू येत नाही, इतकंच.

आता मी किल्ली ‘ऑन’वर आणून क्षणभर थांबतो. आईला हल्ली डोळ्यांनी स्वच्छ दिसतं, पण या बाबतीत तिचा भरवसा कानांवरच आहे. मागच्या सीटवरून ती सांगते, “वाजलं. चल आता.”