इंधन जलकुंड, अणुकेंद्रीय

अणुवीज केंद्रातील विक्रियकातून (अणुभट्टीतून) बाहेर काढलेले वापरलेले इंधन पाण्याखाली साठविण्यासाठी बांधलेल्या खोल टाकीस इंधन जलकुंड म्हणतात. इंधन थंड ठेवणे व त्यापासून निघणारे भेदक प्रारण अडविणे ही दोन्ही कामे जलकुंडातील पाणी एकाच वेळी करते. महाराष्ट्रात तारापूर (पालघर जिल्हा) येथील अणुवीज केंद्रात अशी जलकुंडे आहेत. जलकुंडातील किरकोळ बिघाडाने सहसा कोणास इजा होत नाही. तथापि पाण्याची पातळी व त्याचे अभिसरण यांच्याशी त्याचा संबंध असल्याने त्याची नोंद व चिकित्सा काटेकोरपणे केली जाते.

उष्णतेचा उगम : विक्रियक बंद केल्यावर युरेनियमाचे भंजन थांबते, परंतु भंजनातून निर्माण झालेल्या किरणोत्सर्गी मूलद्रव्यांचा क्षय चालूच राहतो व त्यातून उष्णता निघत राहते. विक्रियक थांबताक्षणी ही उष्णता पूर्ण शक्तीच्या सु. ६ ते ७ टक्के असते. तासाभराने ती सु. दीड टक्क्यावर, तर एका दिवसाने सु. अर्ध्या टक्क्यावर येते. त्यानंतर मात्र ती फार सावकाश घटते. त्यामुळे वापरलेले इंधन काही वर्षे तरी पाण्यात ठेवावे लागते.

रचना : जलकुंड सामान्यतः १० ते १२ मी. खोल असते. त्याच्या भिंती व तळ जाड प्रबलित काँक्रीटचे असून आतून अगंज (स्टेनलेस) पोलादाच्या पत्र्याचे अस्तर असते. इंधनाच्या नळ्यांचे जुडगे तळाशी मांडण्यांत उभे ठेवतात. त्यांच्यावर सु. ७ मी. पाणी असल्याने कर्मचारी काठावर उभे राहून काम करू शकतात. जुडगे दाटीने ठेवावयाचे असल्यास साखळी विक्रिया सुरू होऊ नये म्हणून मांडण्यांत न्यूट्रॉन शोषून घेणारे बोरॉनासारखे द्रव्य वापरतात. पंप पाणी उष्णता-विनिमयकातून व गाळण्यांतून फिरवितात. नळ फुटल्यास वक्रनलिकेच्या (सायफनच्या) तत्त्वाने टाकी रिकामी होऊ नये, यासाठी नळ इंधनाच्या बऱ्याच वरच्या पातळीवर जोडतात किंवा त्यांत हवा शिरण्यास छिद्र ठेवतात. अस्तराच्या सांध्यांतून झिरपणारे पाणी अस्तरामागील पन्हळींत जमा होते व त्यावरून गळती ओळखता येते.

घटनांचे स्वरूप : जलकुंडाची सुरक्षितता मुख्यतः पाण्याच्या साठ्यामुळे मिळणाऱ्या अवधीत आहे. उदा., १,००० घ.मी. पाणी असलेल्या कुंडातील इंधन १ मेगॅवॉट उष्णता देत असेल आणि अभिसरण पूर्ण थांबले, तर पाण्याचे तापमान तासाला १° से.हूनही कमी वाढेल. ३०° से. तापमानाचे पाणी उकळू लागण्यास तीन दिवसांहून अधिक काळ लागेल. त्यानंतरही ताशी सु. १·६ टन पाण्याची वाफ होत राहील. तेवढी भर घालीत राहिल्यास इंधन बुडालेले राहील. गळतीने पाणी जात असल्यास मात्र हा अवधी झपाट्याने कमी होतो.

जपानमधील फुकुशिमा दाईइची केंद्रात १८ मार्च २०१३ रोजी एका तात्पुरत्या विद्युत् फलकात उंदीर शिरल्याने मंडल-संक्षेप (शॉर्टसर्किट) झाला व अनेक जलकुंडांचे शीतन बंद पडले. ते पूर्ववत होण्यास एक दिवसाहून अधिक काळ लागला. परंतु पाण्याचे तापमान ठरवून दिलेल्या ६५° से. या मर्यादेपेक्षा पुष्कळच कमी राहिले. याच केंद्रातील चौथ्या विक्रियकाच्या जलकुंडात मार्च २०११ मधील मोठ्या अपघाताच्या वेळी १,५३५ जुडगे होते. कुंड कोरडे पडल्याची भीती तेव्हा जगभर व्यक्त झाली होती. इंधन पाण्याखालीच राहिले होते, असे पुढे आढळून आले. हे सर्व जुडगे डिसेंबर २०१४ पर्यंत तेथून हलविण्यात आले.

अमेरिकेतील हॅडम नेक केंद्रात २१ ऑगस्ट १९८४ रोजी इंधन बदलण्याच्या तयारीत असताना विक्रियकावरील पाण्याने भरलेल्या कक्षाची सील निकामी झाली आणि सु. ७·५ लाख लिटर पाणी सु. २० मिनिटांत वाहून गेले. त्या वेळी इंधनाची हलवाहलव चालू नव्हती, म्हणून अनर्थ टळला. हंगेरीतील पॉक्श केंद्रात १० एप्रिल २००३ रोजी पाण्याखालील सफाईच्या टाकीत ठेवलेल्या ३० जुडग्यांना पुरेसा प्रवाह न मिळाल्याने त्यांच्या नळ्यांची मोडतोड झाली. सभोवती विपुल पाणी असले, तरी ते इंधनाभोवती खेळते राहणे आवश्यक असते, हे या घटनेने दाखवून दिले.

तारापूर : येथील पहिले दोन विक्रियक भारत व अमेरिका यांच्यातील १९६३ च्या करारानुसार उभारण्यात आले आणि ऑक्टोबर १९६९ मध्ये ते व्यापारी तत्त्वावर वीज पुरवू लागले. त्यांतील समृद्ध युरेनियमाच्या वापरलेल्या इंधनावर पुनःप्रक्रिया करून प्लुटोनियम वेगळे काढावे, अशी भारताची भूमिका होती. तथापि त्याबाबत अमेरिकेशी एकमत झाले नाही. कराराची मुदत १९९३ मध्ये संपेपर्यंत हा वाद चालू होता. परिणामी थोड्या वर्षांच्या साठवणीसाठी योजलेल्या जलकुंडांत इंधन साचत गेले. मांडण्या अधिक दाट करणे, विक्रियकाच्या इमारतीबाहेर स्वतंत्र जलकुंड बांधणे व जुने इंधन कोरड्या पिंपांत ठेवणे, असे उपाय त्यासाठी योजावे लागले. अशा रीतीने एका राजनैतिक तिढ्याचा भार जलकुंडांवर पडला. कुंडात इंधन जितके अधिक, तितकी बिघाडप्रसंगी लक्ष ठेवण्याची जबाबदारीही अधिक.

वर्गीकरण व मूल्यमापन : १९९० मध्ये तयार झालेल्या आंतरराष्ट्रीय अणुकेंद्रीय घटना श्रेणीत १ ते ३ पातळ्यांना ‘घटना’ व ४ ते ७ पातळ्यांना ‘अपघात’ म्हणतात, सुरक्षिततेच्या दृष्टीने महत्त्व नसलेले बिघाड शून्य पातळीत येतात. पॉक्श येथील घटना तिसऱ्या पातळीची ठरली. भारतात अणुकेंद्रांच्या सुरक्षिततेवर देखरेख करण्यासाठी १९८३ मध्ये अणुऊर्जा नियामक मंडळ स्थापन झाले. वरील श्रेणीत घटनेच्या प्रत्यक्ष परिणामांबरोबरच कोणते संरक्षक उपाय शाबूत राहिले, याचाही विचार केला जातो. जलकुंडातील घटना किरकोळ ठरते ती दुरुस्तीस पुरेसा अवधी मिळाल्यामुळे. म्हणून पाण्याची घट किंवा पंपाचा बिघाड किती लवकर लक्षात आला व भर घालण्याची दुसरी सोय तयार होती की नाही, या बाबी तिच्या चौकशीत सर्वांत महत्त्वाच्या मानल्या पाहिजेत.