आयसिंग हाताला झेपेल असे

भोसरीच्या एमआयडीसीत आयुष्यभर लेथ चालवलेले एक काका चिखलीतील माझ्या दवाखान्यात रक्तदाब तपासण्यास येतात. दोन वर्षांपूर्वी त्यांना अर्धांगवायूचा सौम्य झटका आला. चालणे सावरले, उजव्या हाताची पकड मात्र पूर्ववत झाली नाही. गेल्या डिसेंबरात ते फार खिन्न दिसले. नाताळसाठी नातीबरोबर बिस्किटे सजवताना आयसिंगचा कोन त्यांना दाबता येईना. “डॉक्टर, हात गेलाच म्हणायचा,” ते म्हणाले. मी पकड तपासली. ती आधीच्या भेटीइतकीच होती. मग आयसिंग कसे होते, ते विचारले. त्यात चमचा उभा राहत होता!

दोष हाताचा नव्हताच. रॉयल आयसिंग म्हणजे अंड्याचा पांढरा भाग आणि आयसिंग शुगर एकत्र घोटून केलेले, वाळल्यावर कडक होणारे मिश्रण. त्याचा घट्टपणा कामानुसार बदलावा लागतो. लाडवांच्या पाकाची तार दोन बोटांत पाहणाऱ्या आपल्या पिढीला हे सांगणे नको. चमचा उचलल्यावर टोक ताठ राहिले, तर ते मिश्रण फुले काढण्यासाठी. टोक किंचित वाकले, तर कडा आखण्यासाठी. सुरीने ओढलेली रेघ 10 ते 15 सेकंदांत मिटली, तर आतील भाग भरण्यासाठी. दुर्बल किंवा संधिवाताच्या हातांनी रेघ साधारण 20 सेकंदांत मिटेल असे एकच मिश्रण करावे. कडाही निघते आणि आतला भागही भरतो. पाणी थेंबाथेंबाने घालावे. अधिक झालेच, तर चाळलेली साखर मिसळावी. कोन अर्धाच भरावा, छिद्र थोडे मोठे कापावे आणि दुसऱ्या हाताचा आधार घ्यावा. मिश्रणावर ओले फडके झाकावे, अन्यथा साय धरते आणि छिद्र तुंबते.

मला अधिक काळजी वाटते ती कच्च्या अंड्याची. त्यात साल्मोनेला जंतू असू शकतात. तरुणाला बहुधा काही दिवसांचे जुलाब होऊन भागते; सत्तरीच्या व्यक्तीला त्यासाठी रुग्णालय गाठावे लागू शकते. म्हणून पाश्चराइज केलेली अंड्याच्या पांढऱ्या भागाची भुकटी वापरावी. अंडे वर्ज्य असलेल्या घरांत मीठ न घालता शिजवलेल्या काबुली चण्यांचे पाणी आटवून, गार करून घ्यावे. पाव किलो साखरेला साधारण तीन मोठे चमचे लागते. तेलातुपाचा अंश मात्र भांड्यात नको, फेस बसतो. अंडेविरहित आयसिंग कच्चे असते, असे कोणी समजू नये. पुण्याच्या प्राची धबल देब यांनी अशाच आयसिंगमध्ये मिलानच्या कॅथेड्रलची सुमारे 100 किलोची प्रतिकृती उभारली आहे.

आयसिंग म्हणजे जवळजवळ निव्वळ साखरच. मधुमेहींनी सजवावे मनसोक्त, चाखावे एखादेच. कवळी असलेल्यांनी चंदेरी गोळ्या टाळाव्यात. झटक्यानंतर गिळताना ठसका लागत असेल, तर कोरडे, भुसभुशीत बिस्किट देऊच नये. आधी डॉक्टरांना विचारावे.

काकांना 20 सेकंदांचा हिशेब सांगितला तेव्हा ते हसले. “म्हणजे ऑइलच्या जागी आम्ही ग्रीस भरले होते!” पुढच्या भेटीत त्यांनी नातीने काढलेला फोटो दाखवला. रेघा वाकड्या होत्या, पण सगळ्या त्यांच्याच हाताच्या. एक तक्रार तेवढी होती, बिस्किटे एकमेकांना चिकटली. आयसिंग पूर्ण वाळण्यास रात्र जाते, दमट हवेत त्याहूनही अधिक वेळ. तोवर बिस्किटे डब्यात भरू नयेत.