श्वासाकडे पाहून काय साधतं?

१९७९ साली जॉन कबात-झिन यांनी अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात जुनाट दुखण्याच्या रुग्णांसाठी वर्ग सुरू केला. बौद्ध ध्यान घेतलं, धर्म बाजूला ठेवला. आजच्या माइंडफुलनेसचं मूळ बरंचसं तिथं आहे.

यात श्वासाकडे पाहायचं, मन भरकटलं की न चिडता परत आणायचं. विचार थांबत नाहीत. पण ‘माझं काही खरं नाही’ हा निव्वळ एक विचार आहे, हे वेळीच ओळखता येतं. नैराश्य पुन्हा पुन्हा उलटणाऱ्यांना याचाच आधार होतो.

२०१४ मध्ये ध्यानावरच्या ४७ चाचण्यांचा एकत्रित आढावा निघाला. चिंता, नैराश्य, वेदना काहीशा कमी झाल्या होत्या. मात्र व्यायाम किंवा औषधांपेक्षा ध्यान सरस ठरलं नाही. ब्रिटनच्या शाळांत आठ हजारांवर मुलांवर झालेल्या चाचणीत तर नेहमीच्या शिकवण्याहून जास्त फायदा दिसलाच नाही. (बहुतेकांनी घरी सरावच केला नव्हता. त्या वयात कोण करतं!)

मोठा आघात सोसलेल्या काहींना डोळे मिटताच जुन्या आठवणी छळतात. अशांनी जाणकार मार्गदर्शकाशिवाय बसू नये. आणि औषधं चालू असतील, तर ध्यानाच्या भरवशावर ती परस्पर बंद करू नका.